मक्याला चालायला लावणारा माणूस : इलिनॉयचे शेतकरी-आमदार आयझॅक फंक

शिकागोहून नैर्ऋत्येला साधारण १४० मैलांवर, मक्याच्या सपाट रानात, मेपल आणि ओकची एक जुनी राई अजून उभी आहे. नाव फंक्स ग्रोव्ह, म्हणजे फंकांची राई. १८२४ मध्ये आयझॅक फंक आणि त्यांचे भाऊ ॲब्सलम इथे आले, तेव्हा त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. १८६५ च्या जानेवारीत आयझॅक वारले, तेव्हा त्यांच्या मालकीची जमीन सुमारे २५,००० एकर भरली. चौरस मैलात मोजली तर ३९. आणि त्या दिवशीही ते राज्याच्या सिनेटचे सदस्य होतेच.

एवढी जमीन कशी जमली, याची दोन उत्तरं हमखास ऐकू येतात आणि दोन्ही फसवी आहेत. पहिलं, सरकारने फुकट वाटली. फुकट जमिनीचा होमस्टेड कायदा आला १८६२ मध्ये. तेव्हा फंक पासष्टीला टेकले होते, आणि त्या कायद्याने एका कुटुंबाला मिळायचे ते १६० एकर. दुसरं उत्तर, जमीन काळी आणि कसदार होती, पिकवलं आणि विकलं. कसदार होती हे खरं. पण पिकवलेलं विकायचं कुठे आणि तिथवर न्यायचं कसं, घोडं तिथेच अडलेलं होतं.

ओहायोतली शिदोरी

फंक यांचा जन्म १७ नोव्हेंबर १७९७ चा, केंटकी राज्यातल्या क्लार्क काउंटीतला. घराणं मूळचं जर्मन. १८०७ मध्ये कुटुंब ओहायोतल्या फेएट काउंटीत गेलं. शाळा जेमतेम झाली. पण ओहायोत त्यांच्या शेजारी सायोटो नदीचं खोरं होतं आणि गुरं पोसण्याची एक खास पद्धत तिथे रुजत होती. १८०५ मध्ये जॉर्ज रेनिक या शेतकऱ्याने मक्यावर पोसलेली ६८ जनावरं सायोटोहून थेट बाल्टिमोरपर्यंत डोंगर ओलांडून चालवत नेली आणि नफ्यात विकली. तोवर ‘एवढं चालल्यावर चरबी राहील का?’ अशी शंका सगळ्यांनाच होती. ती फिटली. फंक बंधूंनी ओहायोतून इलिनॉयला आणलेली खरी पुंजी ही पद्धत होती.

राईच्या कडेलाच घर का?

इलिनॉयचं प्रेअरी म्हणजे मैलोन् मैल गवत, काही ठिकाणी माणसाच्या डोक्याच्या वर. मधूनमधून ओढ्याकाठी झाडांची बेटं. सुरुवातीचे सगळे वस्तीकर या बेटांच्या कडेला चिकटले. ‘झाड उगवत नाही ती जमीन नापीक’ अशी त्यांची समजूत होती, असं बरेचदा सांगतात. पण व्यवहारी कारणं जास्त वजनाची होती. घराला ओंडके हवेत, चुलीला सरपण, कुंपणाला फळ्या, गुरांना पाणी, आणि हिवाळ्यात उत्तरेच्या वाऱ्याला आडोसा. हे सगळं राईत मिळायचं आणि पाच मैल आत गवतात यातलं काहीच नसायचं.

कुंपणाचा हिशेब केला की राईची किंमत कळते. १६० एकरांचा चौकोन घ्या. त्याचा घेर दोन मैल, म्हणजे १०,५६० फूट. त्या काळचं नागमोडी कुंपण ओंडके उभे चिरून काढलेल्या दहा-अकरा फुटी फळ्यांचं असे. खांब नाही, खिळा नाही. फळ्यांची टोकं एकमेकांवर तिरकी रचायची. नागमोडीमुळे दर कप्प्यात प्रत्यक्ष अंतर धरायचं आठेक फूट, आणि उंची सात-आठ फळ्यांची. म्हणजे एवढ्याशा तुकड्याला दहा हजारांच्या आसपास फळ्या. एक माणूस दिवसाला शंभर-दीडशे फळ्या फोडणार. करा गुणाकार. म्हणूनच फक्त पिकाला कुंपण घालायचं आणि गुरं मोकळी सोडायची असा रिवाज पडला. काटेरी तार इलिनॉयमध्येच, पण १८७० च्या दशकात आली. फंक यांना ती पाहायला मिळाली नाही.

हे ‘मोकळं’ रान मोकळं कसं झालं तेही सांगायला हवं. ही भूमी किकापू लोकांची होती. १८१९ च्या एडवर्ड्‌सविल तहात त्यांच्याकडून ती सोडवून घेतली गेली, आणि त्यानंतरच ती ‘सरकारी जमीन’ म्हणून विक्रीला निघाली.

राईतल्या मेपलचा आणखी एक उपयोग होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्री पाणी गोठतं आणि दिवसा वितळतं. त्या दिवसांत मेपलच्या खोडाला भोक पाडलं की गोडसर पाणी ठिबकतं. साधारण ४० लिटर पाणी आटवलं की एक लिटर पाक. साखर विकत घेण्याची ऐपत नसलेल्या घरात वर्षाचं गोड हेच. या राईत फंक कुटुंब आजही पाक काढतं. विक्रीसाठी काढायला सुरुवात झाली १८९१ मध्ये.

जमीन विकत कशी मिळायची

अमेरिकी सरकारने नवा मुलूख आधी मोजला आणि मग विकला. सहा मैल बाय सहा मैलांचा चौकोन म्हणजे टाउनशिप. तिचे ३६ भाग, प्रत्येक एक चौरस मैलाचा, ६४० एकरांचा. त्याला सेक्शन म्हणायचं. सोळावा सेक्शन शाळेच्या खर्चासाठी राखीव. सेक्शनचा चौथा हिस्सा १६० एकर, त्याचाही चौथा ४० एकर. टेकडी असो की दलदल, रेघ सरळच जायची. विमानातून पाहिलं तर ती बुद्धिबळाच्या पटासारखी आखणी आजही दिसते.

१८२० च्या कायद्याने किमान भाव ठरला एकरी सव्वा डॉलर, रोख. आधी कमीत कमी ८० एकर घ्यावे लागत, म्हणजे १०० डॉलर. १८३२ पासून ४० एकरही चालू लागले, म्हणजे ५० डॉलर. ऐकायला स्वस्त. पण ‘रोख’ या शब्दात सगळी मेख होती. सरहद्दीवर व्यवहार वस्तूंच्या अदलाबदलीवर चाले. डुक्कर देऊन मीठ, मध देऊन कापड. नाणं दिसायचंच नाही. खासगी आणि राज्य बँकांच्या नोटा असत, पण त्यांचा भाव आज एक, उद्या दुसरा. आणि जुलै १८३६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी फर्मान काढलं की सरकारी जमिनीला यापुढे सोनं-चांदीच लागेल. पुढच्याच वर्षी बँका बसल्या.

आता या परिस्थितीत कोण जमीन घेऊ शकेल? ज्याच्या हातात खणखणीत नाणं येतं तो. आणि नाणं कुठे होतं? गलीनाच्या शिशाच्या खाणींवर, शिकागोच्या बाजारात, ओहायोपलीकडच्या शहरांत. तिथे पोचेल असा माल हवा.

मका चालत कसा जातो

मक्याचा एक बुशेल म्हणजे ५६ पौंड दाणे, साधारण २५ किलो. रेल्वे येण्यापूर्वी इलिनॉयच्या आतल्या भागात बुशेलला दहा-पंधरा सेंट मिळाले तरी पुष्कळ. बैलगाडीत ४० बुशेल भरले तर मालाची किंमत चार ते सहा डॉलर. शिकागोपर्यंत जाऊन-येऊन दोन-तीन आठवडे, वाटेत चिखल, नद्यांना पूल नाहीत. गाडीवानाचं आणि बैलांचं खाणं वजा केलं की हाती काही उरत नाही. तोच मका जनावराच्या पोटात घातला तर जनावर स्वतःच्या पायांनी बाजारात जातं. एवढीच युक्ती. ती अमलात आणायला मात्र वर्षभराचं गणित बसवावं लागे.

सुरुवात नांगरटीपासून. प्रेअरीचं गवत शतकानुशतकं वाढलेलं, मुळांची चटई कोयत्यालाही दाद न देणारी. साधा नांगर तिथे लागतच नसे. त्यासाठी लाकडी दांड्याचा अवजड नांगर, त्याला तीनपासून सहापर्यंत बैलजोड्या, आणि दिवसाकाठी दीड-दोन एकर. खोली फक्त दोन-तीन इंच! इथेच नवशिका फसायचा. खोल नांगरलं तर चटई उलटते पण कुजत नाही, आणि गवत पुन्हा डोकं काढतं. वेळही चुकवून चालत नसे. मे ते जूनच्या मध्यापर्यंत, गवत जोमात वाढत असताना फाडलं तरच मुळं मरतात. पहिल्या वर्षी कुऱ्हाडीने त्या उलट्या ढेकळांत चीर पाडून मक्याचे दाणे टोकायचे आणि मिळेल तेवढं पदरात घ्यायचं. खरं पीक दुसऱ्या वर्षीपासून.

दुसऱ्या वर्षी वेगळाच त्रास. प्रेअरीची काळी चिकट माती बिडाच्या नांगराला चिकटून बसे. दर काही पावलांवर थांबून लाकडाने खरवडायची. १८३७ मध्ये ग्रँड डेटूर गावच्या जॉन डिअर या लोहाराने घासूनपुसून चकचकीत केलेल्या पोलादाचा नांगर घडवला. त्यावरून माती आपोआप सटकायची. आजची जॉन डिअर कंपनी ती हीच.

मका तयार झाला की कणसं खुडत बसायचं नाही. झाडंच्या झाडं बुंध्यातून कापून शेतातच बुचाडं उभी करायची. बारा बाय बारा किंवा सोळा बाय सोळा ठोंब्यांचा चौरस कापला की एक बुचाड. हिवाळ्यात रोज ती बुचाडं गाडीत टाकून उघड्या रानात, कुंपणाआड उभ्या गुरांपुढे पसरायची. कडबा आणि कणीस एकदमच. गोठा नाही, गव्हाण नाही. मजूर महाग आणि मका स्वस्त असलेल्या मुलखात नासाडी परवडते, वेळ परवडत नाही.

गुरं म्हणजे तीन-चार वर्षांचे खच्ची केलेले खोंड. उन्हाळाभर सरकारी गवतावर फुकट चरलेले, काही घरचे, बरेचसे आसपासच्या लहान शेतकऱ्यांकडून दोन-दोन चार-चार असे विकत गोळा केलेले. एका खोंडाला दिवसाला अर्धा बुशेल मका. पाच महिने, म्हणजे १५० दिवस पोसलं तर ७५ बुशेल. एकरी ४० बुशेल पीक धरलं तर एका खोंडामागे जवळजवळ दोन एकर मका. शंभर खोंड पोसायचे तर दोनशे एकर. म्हणूनच हा धंदा जमीन गिळत जातो आणि पैसा आला की पुन्हा जमिनीतच जातो.

आणि खोंडांच्या मागे डुकरं. खोंड अख्खी कणसं खातो तेव्हा बरेच दाणे न पचता शेणातून बाहेर पडतात, काही पायदळी सांडतात. एका रानातून खोंड पुढच्या रानात हलवले की मागे डुकरं सोडायची. एका खोंडामागे एक-दोन. ती शेणातले दाणे टिपून, दुसरा कणभर खर्च न होता, विक्रीजोगी होत. ज्या वर्षी गुरांचा भाव पडे त्या वर्षी या डुकरांनी हिशेब तारलेला असे.

हाकत नेणं

गुरं दिवसाला दहा-पंधरा मैल चालतात, डुकरं आठ-दहा. म्हणजे फंक्स ग्रोव्हहून शिकागो गुरांना दहा ते चौदा दिवस, डुकरांना चौदा ते अठरा. घाई केली तर वजन उतरतं आणि जे विकायचं तेच वाटेवर सांडतं. फार सावकाश गेलं तर चारा आणि माणसांची मजुरी नफा खाते. पुढे एक मक्याची गाडी ठेवायची; डुकरं तिच्या वासावर येतात. नदी पार करणं हा खरा कसोटीचा क्षण. पुढचं जनावर बिथरून वळलं की सगळा कळप काठावर गोलगोल फिरू लागतो आणि एकमेकांना खाली दाबतो. म्हणून शांत, सवयीचा एखादा बैल आघाडीला घालायचा.

हवामानाचा नेम नसे. २० डिसेंबर १८३६ ला मध्य इलिनॉयमध्ये पाऊस आणि पाणचट बर्फाचा चिखल होता. दुपारी वायव्येकडून गार वारा सुटला आणि काही मिनिटांत तो चिखल दगडासारखा गोठला. उघड्यावरच्या जनावरांचे पाय जागीच रुतून अडकले, अंगावरचे ओले कपडे ताठ झाले. ‘अचानक पालट’ म्हणून तो दिवस त्या भागात पिढ्यान् पिढ्या सांगितला जाई.

राईतही एक चोर दडलेला होता. शरदात गवत वाळलं की गुरं झाडांखालची हिरवी झुडपं खायला घुसतात. त्यात पांढऱ्या फुलांचं एक रोपटं असे, त्यात ट्रेमेटॉल नावाचं विष. जनावर थरथरायला लागून पडायचं, आणि त्याचं दूध प्यालेली माणसंही मरायची. अब्राहम लिंकन यांची आई १८१८ मध्ये याच दूधरोगाने गेली. कारण कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. अनुभवी लोक एवढंच करत की गवत वाळू लागताच गुरं राईतून बाहेर काढत.

या सगळ्यातून जे खोंड शिकागोला पोचत, त्यांचे पैसे घेऊन फंक परत येत आणि जमिनीच्या कचेरीत जात. १८५० च्या दशकात शिकागो-ऑल्टन रेल्वे त्यांच्या जमिनीतूनच गेली. हाकत नेण्याचा जमाना संपला, जमिनीचा भाव वाढला, आणि सव्वा डॉलरने घेतलेली एकरं आपोआप श्रीमंत झाली. यात कष्ट किती आणि योग्य वेळी योग्य जागी असण्याचं नशीब किती, हे तोलायचं झालं तर मी दुसऱ्या पारड्यात बरंच टाकेन.

शेतकरी विधिमंडळात

फंक पहिल्यांदा निवडून गेले १८४० मध्ये, राज्याच्या प्रतिनिधीगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, तेव्हाच्या व्हिग पक्षाकडून. सभागृहात त्याच पक्षाचे लिंकन होते. ती लिंकन यांची तिथली शेवटची मुदत. राज्य कर्जात बुडालेलं होतं, कारण १८३७ मध्ये कालवे आणि रेल्वेसाठी कोटभर डॉलरच्या योजना मंजूर करून ठेवल्या होत्या.

इथे इलिनॉयची एक तरतूद समजून घेतली पाहिजे, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गणपूर्तीसाठी सभागृहाचे दोन तृतीयांश सदस्य हजर लागत. निम्मे नव्हे, दोन तृतीयांश. म्हणजे अल्पमतातला पक्षसुद्धा नुसता उठून गेला तर कामकाज ठप्प. डिसेंबर १८४० मध्ये राज्य बँक वाचवण्यासाठी व्हिग सदस्यांनी हाच डाव टाकला. दारं बंद होती, म्हणून लिंकन आणि आणखी दोघांनी खिडकीतून उडी मारली. उशीर झाला होता. गणपूर्ती आधीच मोजली गेली होती.

फंक दुसऱ्यांदा गेले १८६२ मध्ये, आता रिपब्लिकन म्हणून आणि राज्याच्या सिनेटमध्ये. ही वॉशिंग्टनची सिनेट नव्हे. आपल्या विधान परिषदेसारखं राज्याचं दुसरं सभागृह, पण थेट मतदारांनी निवडलेलं आणि अधिकाराने खालच्या सभागृहाच्या बरोबरीचं. सदस्य २५. अधिवेशन दोन वर्षांतून एकदा, जानेवारीत. भत्ता पहिले ४२ दिवस रोज दोन डॉलर आणि नंतर रोज एक, कारण अधिवेशन लांबवण्याचा मोह होऊ नये. ४२ दिवसांचे झाले ८४ डॉलर, म्हणजे फंक यांच्या दोन-तीन पोसलेल्या खोंडांची किंमत.

१८६३ च्या सुरुवातीला अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध ऐन भरात होतं. विधिमंडळात युद्धाला विरोध करणाऱ्या डेमोक्रॅट गटाचा जोर. सिनेटमध्ये डेमोक्रॅट १३, रिपब्लिकन १२. प्रतिनिधीगृहाने दक्षिणेशी युद्धबंदी करून वाटाघाटी कराव्यात असे ठराव केले. सिनेटमध्ये गणपूर्तीला १७ लागत. बारातले नऊ बाहेर राहिले की काम बंद. रिपब्लिकनांनी तेच केलं आणि ठराव तिथे अडकला. बारातला एक एक माणूस मोलाचा होता, त्यातले एक फंक.

त्याच फेब्रुवारीत फंक बोलायला उभे राहिले. पासष्ट वर्षांचे, भाषणबाजीचा सराव नसलेले. हा पोरखेळ आता बसून बघवत नाही, हे लोक मनातून देशद्रोही आहेत, असं तोंडावर सांगून त्यांनी बाकावर मूठ आपटली. मी गरीब पोरगा म्हणून या राज्यात आलो, आज वर्षाला ३,००० डॉलर कर भरतो, ६,००० भरेन, १२,००० भरेन, सगळी मालमत्ता आणि जीवही देईन, असा त्यांचा सूर. आणि या आरोपावर कुणाशीही, टाचणीच्या टोकापासून तोफेच्या तोंडापर्यंत कशानेही लढायला तयार आहे असं आव्हान. सभ्यतेच्या दृष्टीने भाषण उग्रच होतं; विरोधकांना फासावर चढवण्याची भाषा त्यात होती. पण ते छापून उत्तरेत सगळीकडे वाटलं गेलं.

कोंडी शेवटी राज्यपाल रिचर्ड येट्स यांनी फोडली. तहकुबीच्या तारखेवर दोन सभागृहांचं एकमत झालं नाही तर राज्यपाल अधिवेशन संपवू शकतो, अशी राज्यघटनेत तरतूद होती. १० जून १८६३ ला त्यांनी तिचा वापर केला आणि सगळ्यांना घरी पाठवलं.

१८६५ ची जानेवारी आणि पुढे

आयझॅक आणि त्यांच्या पत्नी कॅसँड्रा २९ जानेवारी १८६५ ला काही तासांच्या अंतराने वारले. लग्न १८२६ मधलं. तीनच दिवसांनी, १ फेब्रुवारीला, इलिनॉयने गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती संमत केली; असं करणारं ते पहिलं राज्य. त्या मतदानाला फंक यांची खुर्ची रिकामी होती.

जमीन मुलांमध्ये वाटली गेली. बेंजामिन ब्लूमिंग्टनचे महापौर आणि पुढे अमेरिकी काँग्रेसचे सदस्य झाले, लाफायेट राज्याच्या विधिमंडळात गेले. नातू युजीन फंक यांनी १९०१ मध्ये फंक ब्रदर्स सीड कंपनी काढली आणि संकरित मक्याच्या बियाण्यात नाव कमावलं. १९७४ मध्ये ती सिबा-गायगी या स्विस कंपनीने घेतली. तो बियाण्याचा धंदा पुढे सिंजेंटा कंपनीत मिसळला, जिचं भारतातलं मुख्य कार्यालय पुण्यात आहे.